रंगो अनंतांचे रजेच्या अर्जाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. लिहिणारास बळ आणि वाचणारास धीर असो. शके सतराशे, विलंबीनाम संवत्सर, नावच विलंबी तेव्हा रजा वेळेवर कैची! ते समयी एका दौलतीचे दफ्तरात हरबाजीपंत चिटणीस कारभार करीत होते आणि त्यांचे हाताखाली रंगो अनंत कारकून होते. चिटणीसांचा अंमल कडक. बोरू किती तासावा, शाईत पाणी किती घालावे, शिंक आली तर तोंड कोणीकडे करावे, हेही तेच ठरवीत. कागद त्यांनी वाचल्याविना हलत नसे आणि एकदा मस्तकी लाविला म्हणजे मंजूर, मग फिरणे नाही, ऐसा त्यांचाच कायदा होता. इतक्यात रंगोपंतांची एकुलती कन्या गोदू हिचे पाठवणीचा दिवस ठरला. सासर आठ मुक्काम दूर, पुन्हा भेट कधी घडेल देव जाणे, सबब पंतांनी चार रोजांची रजा मागितली. चिटणीस म्हणाले, "समास अरुंद." दुसरा अर्ज केला. "शाई फिकी." तिसरा केला. "कन्येचे नाव वर आणि सरकारचे खाली? पुन्हा लिहा!" मग दोनच रोज उरले आणि चौथ्या अर्जाचे शेवटी 'हे विज्ञापना' लिहावे, तेथे दिवसभर हुकूम उतरून काढणारा हात 'जाणिजे' लिहून गेला. 'जाणिजे' तर धन्याने चाकरास लिहावे! चिटणीसांची रीत कागदाचा शेवट आधी पाहण्याची. शब्द दिसला मात्र, तीस वर्षांची चाकरी हाडीमासी खिळलेली, ताडकन उठले, कागद मस्तकी लाविला आणि बोलले, "आज्ञा प्रमाण!" मग उमगले. कान लाल झाले. अखेर म्हणाले, "कायदा तो कायदा. जा. आणि रंगोबा, पोरीस आमचे आशीर्वाद सांगा." पंत धावतच घरी गेले आणि गोदू गळ्यात पडून रडली.

पुढे हरबाजीपंत वारले आणि नवे चिटणीस आले. मोठे गोड मनुष्य, न वाचताच शिक्का करीत. कारकुनांस सुख झाले. रंगोपंतांस मात्र करमेना. एके दिवशी त्यांनी मुद्दाम शुक्रवारचा सोमवार लिहिला आणि आता ओरडतील, मग ओरडतील, म्हणून सांजेपर्यंत वाट पाहिली. कागद तसाच शिक्का होऊन गेला. तेव्हा पंत बोरू खाली ठेवून ढसढसा रडले.

सारांश, हरबाजीपंतांनी चाकरांस फार छळिले, परंतु त्यांचे अमलात कोणाचे अक्षर न वाचलेले राहिले नाही. इतकेच.