साडेतीन मिनिटांचं माप

ग्रंथपालांची दाढ तुटली त्याला सहा महिने झाले होते. सहा महिने ते एकाच बाजूने जेवले, पाणी पिताना मान वाकडी करत राहिले, पण दातांच्या दवाखान्याची पायरी काही चढले नाहीत. आणि आज सकाळी त्यांनी आपणहून फोन करून संध्याकाळी साडेपाचची वेळ घेतली.

"आजचाच बरा मुहूर्त सापडला," बायको म्हणाली. "सातला पोराचा कार्यक्रम आहे. लक्षात आहे ना?"

"दाढेला काय सांगू, थांब म्हणून?" असं म्हणून ते चपला घालून बाहेर पडले.

दाढ हे अर्थातच निमित्त होतं. त्यांचा मुलगा हिपहॉप करायचा. तीन वर्षं तो मागच्या खोलीत दार लावून बसला होता. ग्रंथपालांनी उभ्या नोकरीत वाचनालयात कुणाला खोकूही दिलं नव्हतं, आणि निवृत्त होऊन घरी बसले तर भिंतीवरची चित्रं थरथरताहेत. रोज ते त्या बंद दाराशी जाऊन ओरडायचे. परवा मुलाने त्यांच्या चष्म्याच्या घराखाली एक तिकीट ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, जमलं तर या." तेवढंच. नाही म्हणायला जीभ रेटेना. पण तीन वर्षं दाराबाहेर ओरडणाऱ्या बापाबद्दल तो मंचावर काय बोलत असेल, ते चारचौघांत बसून ऐकायची त्यांना धास्ती वाटत होती. तोंड बधिर झालेल्या माणसाला निदान कुणी 'का आला नाहीत' असं विचारत नाही.

दवाखान्यात सगळं रीतसर सुरू झालं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दाढ घासून बारीक केली आणि कॅपसाठी माप घ्यायचं ठरलं. सिस्टरने ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरला, डॉक्टरांनी तो ग्रंथपालांच्या तोंडात बसवून दाबला.

"काका, साडेतीन मिनिटं. हलायचं नाही, बोलायचं नाही. जास्त वेळ राहिला तर घट्ट बसतो. सिस्टर, चौथं गाणं."

सिस्टरने कपाटावरच्या स्पीकरवर गाणं लावलं. टेबलावरचं घड्याळ कधीच बंद पडलं होतं. हे गाणं बरोब्बर साडेतीन मिनिटांचं असल्यामुळे गेले पंधरा दिवस डॉक्टर सगळ्यांची मापं त्याच्यावरच घेत होते. गाणं संपलं की ट्रे बाहेर. आजवर एकदाही चूक झाली नव्हती.

"सर, मला आज सहाला सोडाल ना?" सिस्टर म्हणाली. "ह्याच अल्बमचा कार्यक्रम आहे."

"एवढं काय आहे त्यात? बरा आहे अल्बम. थोर नाही."

"थोर नाही?" सिस्टरच्या हातातला चिमटा अवजारांच्या ताटलीत खणकन पडला.

"थोर अल्बममध्ये एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटता कामा नये. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच धागा हवा. आणि मुख्य म्हणजे खोटं काही नको. हिपहॉपमध्ये बाकी सगळं चालतं, खोटेपणा चालत नाही. आणि ह्या गाण्यातच तो आहे. हे बघा, आलंच."

ठेका एकदम थांबला आणि स्पीकरमधून एक माणूस ओरडला, "आवाज कमी कर! आणि आधी जेवून घे!"

ग्रंथपालांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले. आवाज त्यांचा होता.

"हा बघा," डॉक्टर म्हणाले. "कुणीतरी नट आणलाय. खरा बाप असा ओरडेल? चिडलेला बाप नुसता चिडतो. शेवटी जेवणाचं कशाला विचारेल? श्रोत्यांना रडवायला चिकटवलंय ते."

"उलट, सगळा अल्बम त्या जेवणावर उभा आहे!" सिस्टर म्हणाली. "थोर अल्बम म्हणजे भांडी घासतानाही ज्यातली ओळ पाठ सोडत नाही तो. मी पंधरा दिवस अवजारं धुताना हेच म्हणतेय."

"ऊं! ऊंऽऽ!" ग्रंथपाल म्हणाले.

"बघा, काकांनाही खोटं वाटतंय. थांबा, परत ऐकवतो." डॉक्टरांनी गाणं मागे नेलं.

आवाज पुन्हा ओरडला. सिस्टर म्हणाली, नटाचा श्वास असा मध्ये तुटत नाही. डॉक्टर म्हणाले, तुटतो, त्याचेच पैसे घेतात. ते तपासायला गाणं पुन्हा मागे गेलं. ग्रंथपाल आयुष्यभर पुस्तकं परत यायच्या तारखांचा हिशोब ठेवत आले होते. जे गाणं दर मिनिटाला मागे जातं ते संपणार कधी, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. लगदा तोंडात दगडासारखा होत चालला होता. त्यांनी बोट वर करून आधी स्पीकर दाखवला, मग स्वतःची छाती.

"छातीत धडधडतंय? ते बीटमुळे," डॉक्टर म्हणाले. "नॉर्मल आहे."

शेवटी त्रयस्थ माणूस हवा म्हणून डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या मावशींना आत बोलावलं. त्यांचा गाल सुजला होता, आणि आपला नंबर लागला असं वाटून त्या पर्स सावरत लगबगीने आल्या. त्यांना उभ्याउभ्याच गाणं ऐकवण्यात आलं.

"नट कुठला?" त्या गाल धरून म्हणाल्या. "खराच बाप आहे. आमचे हे असेच. आधी घर डोक्यावर घेतात, मग विचारतात पोळी गरम हवी का. ह्या माणसाचा पोरावर फार जीव आहे हो. फक्त सांगता येत नाही मेल्याला."

ग्रंथपालांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाने तीन वर्षांतला कुठलाही आवाज घेतला असता. 'कार्टं', 'बेशिस्त', 'उद्यापासून बंद', हे सगळं त्या दाराने ऐकलं होतं. त्यातून त्याने नेमकं जेवणाचं उचललं होतं.

"अरे बापरे, काकांना दुखतंय! ट्रे!" सिस्टर ओरडली.

डॉक्टरांनी ट्रे ओढला. ट्रे हलेना. त्यांनी एक पाय खुर्चीच्या दांडीला लावून ओढला, सिस्टरने डोकं धरलं, मावशींनी काही कारण नसताना खांदे धरले. गडबडीत डॉक्टरांचं कोपर स्पीकरला लागलं आणि गाणं दुप्पट आवाजात दणाणू लागलं. त्याच क्षणी फाटक्या लगद्यासकट ट्रे बाहेर आला, आणि इतका वेळ कोंडलेला ग्रंथपालांचा आवाजही बाहेर आला.

"आवाज कमी करा!"

सिस्टरने गाणं बंद केलं. मावशींनी खांद्यावरचे हात हळूच काढून घेतले.

"काका," सिस्टर दबकत म्हणाली, "आणि आधी...?"

"जेवून घे," ग्रंथपाल अर्ध्या तोंडाने म्हणाले. "रोज म्हणतो. तो जेवत नाही वेळेवर."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "सिस्टर, तुम्ही जा," ते पडेल आवाजात म्हणाले. "थोर आहे. काका, माप फाटलंय, नवं घ्यावं लागेल. अर्धा तास लागेल."

"उद्या घ्या. आज मला वेळ नाही."

त्यांनी चूळ भरली, अर्धी शर्टावर सांडली, आणि खिशातून फोन काढून मुलाला लावला. पलीकडे हॉलमध्ये तालीम चालली असावी. धडाधड ठेका ऐकू येत होता.

"बाबा?" मुलगा घाईघाईने म्हणाला. "थांबा, आवाज कमी करतो."

"नको," ग्रंथपाल बधिर ओठाने एकेक शब्द जुळवत म्हणाले. "राहू दे."

पलीकडे ठेका तेवढा चालू राहिला.

"मी निघालोय," ते म्हणाले. "जेवलास का?"