निळ्या माशाचा वाडगा

"माझ्या नजरेतून मुंगीचं पाऊलही सुटत नाही. माझं नाव ऐकून लोट्यापासून लांज्यापर्यंत चोरांची झोप उडते. लिही!"

लिहिलं. सांगणारा माझा नवरा, खाजगी गुप्तहेर प्रथमेश. त्याने आजवर झोप उडवली ती फक्त आमच्या चार महिन्यांच्या ईशाची. ती निजली की मी ह्याच्या केसेस लिहिते, म्हणून वाक्यं तुटक.

आमच्या ओळखीचे बाबाजीकाका पूर्वी बोटीवर नोकरीला होते. चीनच्या बंदरांतून आणलेलं सगळं त्यांनी रत्नागिरीतल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मांडलंय. पाटी मात्र 'प्रादेशिक चिनी कला व इतिहास संग्रहालय'. तिथला जुना वाडगा गायब झाला आणि आळ आला झाडलोट करणाऱ्या मालनताईंवर.

"संध्याकाळपर्यंत मिळाला नाही, तर उद्यापासून येऊ नकोस," काका म्हणाले.

"मी काय त्यातून पेज पिणाराय?" मालनताईंचा आवाज फुटला.

ईशाला खांद्यावर घेऊन मी पहिल्यांदाच तिथे आले होते. प्रथमेशने भिंग काढलं.

"कुलूप शाबूत! म्हणजे चोर चीनहून आला, मिरकरवाड्याच्या बंदरावर उतरला."

"मग मासळी घेऊनच आला आसंल," मालनताई पुटपुटल्या.

रिकाम्या काचेखाली चिठ्ठी होती: 'तळाशी निळा मासा, काठाला टवका.' मी प्रथमेशची बाही ओढली.

"अरे, ऐक ना..."

"साहाय्यकाने मध्ये बोलायचं नाही!" त्याने मातीच्या चिनी शिपायाची उलटतपासणी घेतली. शिपाई गप्प राहिला, म्हणून जास्तच संशयास्पद ठरला. "पण आतून मदत मालनताईंचीच!"

आता मात्र मी ओरडले, "वाडगा आपल्या घरी आहे! परवा प्रभावतीकाकूंनी बाळंतिणीसाठी त्यातून अळिवाची खीर दिली. तूच खाल्लीस!"

"मग परत का नाही केलास?" काका.

"रिकामं भांडं परत कसं करायचं, काका? काहीतरी करून घालीन म्हणते, पण ही खाली ठेवू देईल तर ना!"

काकू, म्हणजे काकांची बायको, लेकीकडे पालीला गेलेल्या. काकांनी फोन लावला.

"मग कशातून देऊ?" काकू कडाडल्या. "घरातलं प्रत्येक धड भांडं तुम्ही काचेत कोंडलंय!"

काकांनी फोन ठेवला. "चुकलो," म्हणाले, शिपायाकडे बघत.

"माज्याकडं बघून," मालनताई म्हणाल्या. काकांना बघावं लागलं.

मग त्या आमच्याकडे आल्या. त्यांच्या मांडीवर ईशा पाच मिनिटांत निजली. मासा दिसेनासा होईपर्यंत मी वाडग्यात घावणे रचले.

"लिही," प्रथमेश म्हणाला, "गुन्हेगार घरातच होता, म्हणून माझी नजर लांब गेली."

वाडगा मालनताईच घेऊन गेल्या. काकांनी पोचपावतीवर सही करेपर्यंत त्यांनी तो हातातून सोडला नाही.