वीस मोठे, एक बारका

साहेबराव सकाळी फिरायला निघाले की पंचशीला खिडकीत येऊन उभी राहायची. नवऱ्याला निरोप द्यायला नव्हे, तो कोणत्या बाजूला वळतो ते पाहायला. डावीकडे मैदान आणि पुढे गोदावरीचा पूल होता, उजवीकडे पोह्यांचा गाडा. ऑपरेशनच्या आधीच्या दोन महिन्यांत साहेबराव एकूण चार वेळा डावीकडे वळले होते, आणि त्यातल्या दोन वेळा पोह्यांचा गाडाच त्या बाजूला लागला होता.

तेव्हा त्यांचं वजन होतं एकशे एकतीस किलो. नांदेडच्या रेल्वे ऑफिसात त्यांची खुर्ची वेगळी होती, लोखंडी. विहारात वंदनेला सगळे खाली मांडी घालून बसत आणि साहेबराव मागे भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्चीवर. एका पौर्णिमेला ऐन शांततेत ती खुर्चीही मोडली. त्या दिवशी घरी आल्या आल्या ते पंचशीलाला म्हणाले, "ते पोट बारीक करायचं ऑपरेशन असतं म्हणे. बघ कुठं होतं ते."

डॉक्टरांनी अट घातली, की आधी सहा किलो स्वतःच्या पायांनी उतरवा, मग पुढचं आम्ही पाहू. पंचशीला जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. तिने फ्रिजवर तक्ता लावला आणि चाललेल्या दिवसाला चांदणी चिकटवू लागली. पहिलीच्या पोरांना चांदणीचं जेवढं अप्रूप असतं तेवढंच साहेबरावांना होतं, पण चांदणी खाता येत नाही ही तिची मोठी अडचण होती. रडतखडत सहा किलो गेले. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पोटाचा बराचसा भाग काढून टाकला आणि केळ्याएवढी एक नळी तेवढी आत ठेवली. तीन महिन्यांत काटा एकशे चारवर आला.

आणि तिथेच बसला. कारण साहेबरावांनी चालणं सोडलं. वजन आपोआप उतरत असेल तर पाय कशाला झिजवायचे, हा त्यांचा हिशेब. त्यात लोकांनी हुरूप घालवला. जे आधी "जरा कमी करा की," म्हणायचे, तेच आता खांद्यावर हात ठेवून "तब्येत बरी आहे ना?" असं हळू आवाजात विचारत. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ तनुजा मॅडमनी मात्र स्पष्ट बजावलं, की महिना झाला काटा हललेला नाही, दिवसाला दहा हजार पावलं चालला नाहीत तर गेलेलं सगळं वजन पत्ता शोधत परत येईल. साहेबरावांनी मान डोलावली आणि रिक्षाने घरी आले.

ऑपरेशनची गोष्ट साहेबरावांनी एका माणसापासून लपवली होती. त्यांच्या मायपासून. केवळाबाई लातूरजवळच्या मुरुडला राहत. त्यांनी उमेदीची वर्षं दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात घालवली आणि स्वतः अर्धी भाकर खाऊन पोराच्या ताटात दीड वाढली. ज्या पोटासाठी माय अर्धपोटी राहिली तेच पोट आपण कापून टाकलं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? ह्या एका विचाराने साहेबरावांना खरोखर घाम फुटायचा. म्हणून त्यांनी ऑफिसच्या ट्रेनिंगला जातो असं सांगून ऑपरेशन उरकलं होतं.

पण लातूरच्या एका लग्नात कुणीतरी त्यांना पाहिलं आणि साहेबराव निम्मा झालाय ही बातमी मुरुडला पोहोचली. चौथ्या दिवशी केवळाबाई नांदेडात. हातात कापडी पिशवी, पिशवीत पितळी झाकणाचा मोठा डबा आणि डब्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, केवळाबाई, मुरुड.

पहिल्याच रात्री जेवताना साहेबरावांनी वाटीभर वरण आणि चतकोर भाकर खाऊन हात धुतला. केवळाबाईंनीही आपलं ताट बाजूला सारलं.

"माय, तू का थांबलीस?"

"तुझं न्हाई खाणं झालं, तर मला बी जात न्हाई. ज्याचं पोट मोठं तो खाईना, तर मी कामून खाऊ?"

आता आली का पंचाईत. साहेबरावांनी घाईघाईने सांगून टाकलं, की रात्री आपल्याला भूक नसते, खरी भूक सकाळी फिरून झाल्यावर लागते. हे एक वाक्य त्यांना पुढे किती चालायला लावणार होतं, ते तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं.

सकाळी केवळाबाईंनी डबा हातात दिला. आत डिंकाचे सहा लाडू, एकेक लिंबाएवढा, आणि तळाशी एक सुपारीएवढा बारका. तो उरलेल्या पिठाचा असावा. केवळाबाई म्हणाल्या, "फिरून झालं की बस अन् खा. रिकामा डबा आण." पंचशीला ओट्याजवळ उभी होती, पण ती गॅसकडेच बघत राहिली.

मायचा मान म्हणून साहेबरावांनी मैदानाच्या बाकावर बसून एक लाडू खाल्ला. दहा मिनिटांत छाती धडधडू लागली, घाम सुटला, बाक फिरू लागला. मैदानाचा वॉचमन दगडोबा धावत आला. त्याने पाणी दिलं, वारा घातला आणि साहेबराव सावरल्यावर डब्याकडे पाहून विचारलं, "ह्याचं काय करायलाव साहेब?" साहेबरावांनी डबा त्याच्यापुढे केला. दगडोबाने पाचही लाडू तिथेच उभ्या उभ्या संपवले. बारका तेवढा उरला, तो साहेबरावांनी कडुलिंबाच्या झाडाखाली आलेल्या खारीपुढे टाकला. रिकामा डबा पाहून केवळाबाई त्या दिवशी पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी डब्यात दहा लाडू होते. काल सगळे संपले, म्हणजे लेकरू उपाशी राहिलं असणार. साहेबरावांनी पाच दगडोबाला दिले, पण पुढचे पाच द्यायचे कुणाला? त्यासाठी ते मैदानापलीकडच्या रिक्षा स्टँडपर्यंत गेले. स्टँडवर लाडू संपायला एक मिनिट लागलं. तिसऱ्या आठवड्यात डबा पंधरावर गेला. तेव्हा तीन लाडू मैदानात लंगडी खेळणाऱ्या पोरींना दिले तरी उरले आणि साहेबरावांना पार पुलाच्या तोंडापर्यंत जावं लागलं. तिथे भल्या सकाळी मासे विकायला बसणाऱ्या बाया होत्या. त्या आधी संशयाने बघायच्या, मग "डबेवाले दादा आले" म्हणून जागा करून देऊ लागल्या. वीस झाले तेव्हा पूल ओलांडण्यावाचून इलाज उरला नाही.

उरवून नेणं शक्यच नव्हतं. एकदा दोन लाडू परत आले तर केवळाबाईंनी दुपारी ताटाला हात लावला नाही. तेव्हापासून साहेबराव शेवटचा लाडू खपेपर्यंत घराकडे तोंड करत नसत. पावसाची भुरभुर असली तरी निघत, गुडघा बोलला तरी निघत. ऑफिसातल्या लोकांना वाटलं माणूस व्यायामाच्या नादी लागला. मोबाईल रोज संध्याकाळी अकरा हजार, बारा हजार पावलं दाखवायचा. फ्रिजवरच्या तक्त्यावर चांदण्यांना जागा उरली नाही. आणि काटा हलला. एकशे एक, अठ्ठ्याण्णव, पंच्याण्णव. केवळाबाई रोज लेकाला न्याहाळून म्हणत, "कसे ग पंचशीला, लाडू अंगी लागंनात ह्याच्या," आणि पंचशीला मान हलवून म्हणायची, "अजून दोन वाढवून बघा आत्याबाई."

बायकोच्या ह्या उलट्या काळजाचं साहेबरावांना फार वाईट वाटायचं. सगळं माहीत असून ती आगीत तेल ओतत होती.

लिंबाखालची खार मात्र रोजच्या बारक्या लाडवावर चांगलीच माजली होती. आताशा ती झाडावर चढताना मध्येच थांबून दम खायची. पूर्वी रेल्वे स्टेशनचा जिना चढताना साहेबराव अगदी तसेच थांबायचे.

आणि मग तो रविवार उजाडला. आदल्या दिवशी साहेबराव बारा हजारांवर पावलं चालले होते, पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि टीव्हीवर क्रिकेटची मॅच होती. एक दिवस नाही गेलं पुलापर्यंत तर काय बिघडतं? ते मैदानाच्या दारात गेले, बारका लाडू खारीला टाकला, बाकीचा डबा जसाच्या तसा दगडोबाच्या हातात ठेवला, डबा उद्या घेतो म्हणाले आणि दहा मिनिटांत घरी आले. मायला सांगितलं, डबा बाकावर विसरलो. मायने फक्त घड्याळाकडे पाहिलं.

अकरा वाजता दार वाजलं. दारात एक ठसठशीत बाई उभी होती. हातात तोच डबा, त्यावर फडकं बांधलेलं. साहेबरावांच्या हातातला रिमोट तसाच राहिला.

"केवळाबाई मुरुडच्या त्या हितंच राहत्यात का? मी शरणम्मा. मैदानाच्या वॉचमनची बायको." तिचं माहेर देगलूरच्या पलीकडचं, बोलण्याला तिकडचा हेल होता. "भरलेला डबा आला अक्का, तो रिकामा कसा द्यावा? पुरणाचे कडबू हायत."

केवळाबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. शरणम्माने बसल्या बसल्या लाडवांची तारीफ केली, डिंक कुठला, तूप किती हे सगळं विचारलं. साहेबराव तिला डोळ्यांनी खुणा करत होते, पण तिला वाटलं ह्या माणसाच्या डोळ्यात काहीतरी गेलंय. मग ती मूळ मुद्द्यावर आली.

"पण अक्का, एक सांगू का, रागाला येऊ नका. महिना दीड महिना झाला, तुमचा ल्योक रोज माझ्या मालकाला लाडू चारून राहिला. त्याच्या पट्ट्याला आता भोक उरलं न्हाई. काटा केला तर सात किलो वाढलेला. उद्यापसून त्याला दोनच द्या, एवढं सांगाया आले."

ती गेली. घरात फक्त मॅचचा आवाज राहिला, तोही पंचशीलाने बंद केला. साहेबराव मायसमोर खाली बसले, चक्क मांडी घालून, आणि आपण मांडी घातली हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. गेले पाच-सहा महिने लपवलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. ट्रेनिंग नव्हतं, ऑपरेशन होतं. पोट काढून टाकलंय. लाडू खाल्ला की त्रास होतो. शेवटी त्यांचा आवाज फुटला. "तू अर्धी भाकर खाऊन भरलेलं पोट होतं माय ते. तुला कसं सांगू?"

केवळाबाईंनी कडबूचं फडकं सोडलं, वास घेतला, परत बांधलं.

"पाच भोकं हायत तुझ्या पोटावर. तिसऱ्या दिशी तू बनियन बदलताना बघितली. मी म्हातारी हाय, आंधळी न्हाई. पंचशीलाला दटावून इचारलं, तिनं समदं सांगितलं. दवाखान्यातल्या त्या पोरीला फोन बी लावून दिला."

साहेबरावांनी पंचशीलाकडे पाहिलं. ती तक्त्यावरच्या चांदण्या मोजत असल्यासारखी उभी होती.

"मग लाडू कशाला करत राहिलीस?"

"ती पोरगी म्हणली, धा हजार पावलं पायजेत. सहा लाडवाला तू मैदानातून माघारी आलास. धा केले तवा रिक्षापत्तोर गेलास. पंधराला पुलापत्तोर, मासेवाल्या बायांनीच सांगितलं पंचशीलाला. मंग मीच म्हणलं, वीस करावं. चांदण्यानं न्हाई चालला माझा ल्योक, लाडवानं चालला." केवळाबाईंचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "अन् पोटाचं काय घिऊन बसलास? पोट भरलं ते तू जगावास म्हणून. आता ते बारीक करून जगायलास, तर बारीक सही."

साहेबरावांनी मायच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पर एक सांग," केवळाबाई म्हणाल्या. "पहिल्या दिशीचा बारका उरल्या पिठाचा, पर मागनं तळाला रोज येगळा बारका लाडू असायचा. फुटाण्याचा, बिनगुळाचा. त्या पोरीला इचारून केलेला, तुझ्यापुरता. तेवढा तरी खाल्लास का न्हाई?"

साहेबरावांनी जमिनीकडे पाहिलं. दीड महिना. रोज एक.

"कुणाला दिलास?"

"खारीला."

केवळाबाईंनी लेकाकडे पाहिलं, मग सुनेकडे. पंचशीलाने पदर तोंडाला लावला होता. "बरं," केवळाबाई शेवटी म्हणाल्या, "आता ऊठ. पूल राहिलाय आजचा. हे कडबू घे, मासेवाल्या बायांना दे. अन् डबा रिकामा आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबराव घरातून निघाले आणि डावीकडे वळले. खिडकीत कोणी नव्हतं. मैदानात दगडोबाला दोनच लाडू देऊन ते लिंबाखालच्या बाकावर बसले आणि तळाचा बारका लाडू बाहेर काढला. तनुजा मॅडमनी सांगितल्याप्रमाणे सावकाश, बत्तीस वेळा चावत तो संपवला. धडधड नाही, घाम नाही. चव मात्र थेट लहानपणाची होती, मायच्या हाताची, आणि ती इतके दिवस एका खारीने एकटीने घेतली होती.

खार खोडावरून उतरून नेहमीच्या जागी येऊन बसली होती. साहेबरावांनी तिला दोन्ही हात रिकामे करून दाखवले.

"तुझं आजपासून बंद," ते म्हणाले. "चालत जा जरा." आणि उरलेले अठरा लाडू घेऊन ते पुलाकडे निघाले.