सतरा नंबरची दाढ

माकडाच्या दाताचा ठसा घ्यावा तर एवेलिओनंच, असं आमच्या ग्वानाकास्तेच्या जंगलात कोणीही सांगेल. कोणी नाही सांगितलं तर मी स्वतः सांगतो. संशोधन केंद्रात पंधरा वर्षं हेच करतोय. माकडाला भूल द्यायची, दाढ घासून कोरडी करायची, दंतवैद्याकडे असतं तसलं मऊ रबर तिच्यावर दाबायचं आणि घट्ट झालं की काढून घ्यायचं. माकड पुन्हा झाडावर. ठशात राळ ओतली की हुबेहूब दाढ तयार! आमच्या ओफेलियाबाई राजधानीतल्या प्रयोगशाळेत ती सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि बारीक ओरखडे, खड्डे बघून सांगतात, पाला खाल्ला की कडक बिया. दाढ खोटं बोलत नाही.

खोटं मी बोलत होतो. माझी बायको मारिएलोस केंद्राचं स्वयंपाकघर सांभाळते आणि रविवारच्या बाजारासाठी रोस्किया भाजते. मक्याच्या पिठात चीज घालून केलेली ही कडक कडी, थेट कडबोळ्यासारखी वाजणारी. मका ती आजीच्या दगडी पाट्यावर वाटते. डॉक्टरांनी मला मीठ आणि चीज बंद केल्यापासून माझ्या ताटात उकडलेला भोपळा यायला लागला, आणि खिडकीत निवत ठेवलेल्या रोस्किया कमी व्हायला लागल्या.

"कोण खातं हो?" मारिएलोसनं विचारलं.

"माकडं," मी भोपळा चिवडत म्हणालो.

त्यातच सतरा नंबरचा ठसा माझ्या हातून गेला. हातून कसला, बुडाखाली गेला. सतरा नंबर म्हणजे पांढऱ्या तोंडाची म्हातारी माकडीण, माझी पंधरा वर्षांची ओळख. तिचा ठसा मी जीपच्या सीटवर ठेवला आणि त्यावरच बसलो. म्हातारीला पुन्हा भूल द्यायला ओफेलियाबाई तयार झाल्या नसत्या, वर मला चार शब्द ऐकावे लागले असते. आमच्याकडे पद्धत अशी की रबराचा नवा डबा उघडला की आधी स्वतःच्या दाढेवर लावून बघायचं, वेळेत घट्ट होतं की नाही. तो माझा ठसा तिथेच पडला होता. राळ ओतली, कडा कानशीनं घासून हरभऱ्याएवढा तुकडा ठेवला आणि वर लिहिलं, सतरा. बाई तपासणार ती जागा सुईच्या टोकाएवढी. त्यांना काय कळणार?

पंधरा दिवसांनी ओफेलियाबाई केंद्रावर हजर. कॉफीचा कप बाजूला सारून त्यांनी फोटो टेबलावर पसरले.

"एवेलिओ, तुमची सतरा नंबर मका खाते. कडक भाजलेला. आणि त्यात दगडाची कच आहे."

मारिएलोसच्या हातातला झारा थांबला. "बाई, या माझ्या रोस्किया!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही खरंच सांगत होता हो. मी मेली तुमच्यावरच संशय घेत होते." आणि तिनं मला भोपळा वाढला. जास्तीचा.

"मग नियमाप्रमाणे तिला हलवायला हवं," बाई म्हणाल्या. स्वयंपाकघराला चटावलेलं माकड नदीपलीकडच्या जंगलात सोडायचं, हा आमचा नियम. "पिंजरा जीपमध्येच आहे."

"आजच न्या," मारिएलोस म्हणाली.

मी भोपळ्याचं ताट बाजूला सारलं. नदीपलीकडे दुसरी टोळी. त्या म्हातारीला तिथे कोण जवळ करणार? दोन दिवस तरी तिनं काढले असते का? खिडकीबाहेर ती पोरंबाळं अंगावर घेऊन निवांत बसली होती. मला फार वाईट वाटलं.

"ती दाढ माझी आहे," मी म्हणालो.

बाईंनी शांतपणे पर्समधून आणखी एक फोटो काढला.

"हे आडवे ओरखडे ब्रशचे. वीस वर्षांत रोज दात घासणारं माकड मी पाहिलं नव्हतं. म्हटलं, कुठवर ताणताय बघू."

"म्हणजे पिंजरा..."

"पिंजरा रिकामाच परत जाणार. तुमच्यासाठी लहान पडतो."

मारिएलोस आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. सतरा नंबर मात्र आपल्या झाडावर राहिली, आणि खरं सांगतो, मला त्याचंच समाधान जास्त होतं.

गेल्या शनिवारी खिडकीतल्या अकरा रोस्किया गेल्या. मारिएलोस कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"माकडानं खाल्ल्या," मी म्हणालो.

"कोणत्या माकडानं ते मला माहीत आहे."

पण या वेळी ते खरं होतं! सतरा नंबर खिडकीत बसून एकेक रोस्किया कुरुमकुरुम फोडत होती, मी डोळ्यांनी पाहिलं. नाव सांगावं तर म्हातारी नदीपलीकडे. माझ्याच दाढेचा ठसा पुन्हा तपासायला लावून सुटता आलं असतं. तोही विचार केला.

पण अकरातल्या नऊच तिच्या होत्या.