देवरावभाऊंचं आवतन

चालती फोर्कलिफ्ट तोंडानं थांबवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. देवरावभाऊ आधी "होऽ होऽ, थांब बापा" म्हणतात, ब्रेक मागाहून दाबतात. मग खाली उतरून तिच्या पाठीवर थाप मारतात, तेव्हा कुठं त्यांचं काम संपतं.

भाऊ केनवडचे, मी आसेगावचा. मस्कतच्या या गोदामात वाशीम जिल्ह्याचे आम्ही दोघंच, म्हणून खोलीही एक. भाऊंना इथं बरीच वर्षं झाली, पण मन काही केनवडची शीव ओलांडून आलं नाही. समुद्र दाखवला तर म्हणाले, "एवढं पानी, अन् एका वावराच्या कामाचं नाही. कायले पाह्यचं?" मॉलमध्ये नेलं तर म्हणे, "एवढ्या उजेडात रातभर सोयाबीन काढून झालं असतं." यांना फिरायला नेणं म्हणजे डोक्याला ताप.

यंदा मात्र भाऊ खरेच कासावीस होते. पोळा झाला की मोऱ्या बैल जोडीसकट विकायचा आणि ट्रॅक्टर भाड्यानं सांगायचा, असं गावाकडं त्यांच्या पोरानं ठरवलं होतं.

"मोऱ्याचा शेवटचा पोळा हाय गजा. मी नाही गेलो त त्याच्या खांद्याले तूप कोन लावीन?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदमळणी असते. जू ओढून आखडलेले बैलाचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे आणि त्याला म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आधी त्याला, मग घराला.

भाऊ सुट्टी मागायला गेले. सुपरवायझर साहेब केरळचे. त्यांनी विचारलं, घर में कौन बीमार है?

"कोई नहीं साहेब, बैल का त्योहार है."

झालं. खोटं बोलता येत नाही, हाच या माणसाचा दुर्गुण. सुट्टी गेली.

खांदमळणीच्या दिवशी पाहतो तर भाऊ फोर्कलिफ्टला दोन्ही बाजूंनी तूप-हळद चोळत होते.

"भाऊ, काय करून राह्यले?"

"हिनंबी वर्षभर ओझंच वाह्यलं न."

तेवढ्यात साहेब आले. पिवळं तेलकट ओघळताना पाहून त्यांना वाटलं, मशीन गळतंय. मेकॅनिक धावला, काम थांबलं, सारं गोदाम हसलं. शेवटी भाऊंनाच साबणाच्या पाण्यानं ती धुवायला लावली.

संध्याकाळी खोलीवर आले ते भिंतीकडं तोंड करून बसले. "जेवला काय बे?" हे रोजचं वाक्यसुद्धा नाही. आधी पोती वाहून, मग त्या मशीनवर बसून त्यांच्या खांद्यांच्या पार गाठी झाल्यात. मला काही पाहवेना. वाटीत तूप-हळद उरली होती, ती घेतली, मागं बसलो आणि त्यांचे खांदे चोळायला लागलो.

"भाऊ, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

भाऊंनी मोऱ्यासारखी मान खाली घातली आणि रडायला लागले.

मग नाक पुसून म्हणाले, "पुरन येते काय तुले?"

"नाही."

"मंग आवतन कायले देतं बे?"

उठले, डब्यातली हरभऱ्याची डाळ काढून निवडायला बसले.

"गूळ फोड तू. हा पहिलाच पोळा असीन, जिथं बैलालेच पुरन शिजवा लागते."