उचकी कोणत्या खात्यात?

वैद्यकीय ग्रंथालयातल्या सूचीकारबाईंच्या नवऱ्याला सोमवारी सकाळी उचकी लागली. गृहस्थ रेडिओवर बातम्या वाचत. मंत्र्यांचा शोकसंदेश वाचताना उचकी आली, तेव्हा त्यांना हुंदका फुटला असं समजून श्रोतेही रडले. पण हवामानाच्या अंदाजातही तेच झालं, आणि लोकांनी घाबरून खिडक्या लावून घेतल्या. बुधवारपर्यंत जेवण नाही, झोप नाही. त्यात रेडिओच्या साहेबांचा निरोप आला, शुक्रवारपर्यंत थांबली तर ठीक, नाहीतर बातम्या दुसरा वाचेल.

बाई त्यांना घेऊन समोरच्या रुग्णालयात गेल्या. डॉक्टरांनी तपासलं, औषध लिहायला संगणक उघडला आणि थबकले.

"उचकी हा शब्दच घेत नाही हो हा. स्थगित दाखवतोय. ग्रंथालयातल्या कुणा शहाण्याने शंका काढलीय."

बाई संगणकापासून दोन पावलं मागे सरकल्या. तो शहाणा म्हणजे त्याच होत्या.

त्यांचं काम असं, की कुठल्याही आजारावर लेख छापून आला की त्याला प्रमाण शब्दावलीतला शब्द चिकटवायचा, म्हणजे शोधणाऱ्याला तो सापडतो. शब्दावलीत शरीराची खाती पाडलेली होती: श्वसन, पचन, मज्जासंस्था वगैरे. नव्या आवृत्तीचा नियम कडक, एका शब्दाला एकच खातं. बाईंनी मोठ्या उत्साहाने शब्दावलीच्या समितीला विचारलं होतं, मग उचकी कोणाची? समितीने त्यांची पाठ थोपटली आणि निर्णय होईपर्यंत उचकी बंद ठेवली. शब्दावली रुग्णालयानेही स्वीकारलेली असल्यामुळे तिथेही ती बंद होती. चालू होती ती फक्त नवऱ्याची.

बाईंनी हातापाया पडून तातडीची बैठक लावून घेतली आणि नवऱ्याला पुरावा म्हणून टेबलाशी बसवलं.

"हवा आमची, कबूल," श्वसनप्रमुख म्हणाले. "पण ती आमच्या परवानगीने आत आलेली नाही."

"आणि जेवताना लागते म्हणून आमची?" पचनप्रमुखबाई कडाडल्या. "उद्या जेवताना नवराबायको भांडले, तर तेही आमच्याच गळ्यात घालाल!"

"हिक्," नवरा म्हणाला.

"टिपून घ्या," अध्यक्ष म्हणाले.

इतका वेळ डुलक्या घेणारे मज्जाप्रमुख एकदम सावरून बसले. "उचकी लागली की आपण काय म्हणतो? कोणीतरी आठवण काढतंय. आठवण मेंदूत, मेंदू आमचा. द्या इकडे, मी घेतो."

बाईंना वाटलं, या माणसाच्या आता पायाच पडावं.

"पण मेंदू आठवण काढणाऱ्याचा," अध्यक्षांनी बोट वर केलं. "म्हणजे रुग्ण तो. औषध त्याला. बोला, कोण काढतंय तुमची आठवण?"

सभा ताजीतवानी झाली. बाईसुद्धा नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, सांगा की."

"आई असेल, हिक्, दुसरं कोण?"

"सासूबाई काल तासभर माझ्याशी बोलल्या. तुमचं नावही काढलं नाही त्यांनी. नीट आठवा."

"संध्याकाळच्या बातम्या तुमच्याबरोबर वाचते, ती कोण हो?" पचनप्रमुखबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आवाज फार गोड आहे तिचा."

नवरा पांढराफटक पडला. आणि उचकी थांबली.

"अगं, थांबली!" तो आनंदाने ओरडला. "थांबली बघ! मी जातो, बातम्यांची वेळ होईल."

"थांबली म्हणजे?" अध्यक्ष दुखावले. "निर्णय व्हायच्या आधीच? नमुन्याशिवाय ठराव कसा करायचा? आणि ठराव नाही तर शब्द कायमचा स्थगित."

बाईंचा जीव क्षणभर गलबलला. नवऱ्याचा आवाज किती दिवसांनी स्वच्छ निघत होता. मग त्यांची नजर समोरच्या पडद्यावर गेली. खात्याचा रकाना अजून रिकामाच होता. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"अहो, एकदाच लावून बघा ना पुन्हा. माझं काम अर्धवट राहतंय हो."

शुक्रवारच्या बातम्या दुसऱ्याने वाचल्या. नवरा त्या समितीच्या खोलीतच ऐकत बसला होता, कोरडे घास गिळत.

तुम्ही मात्र बाईंना हसू नका. परवा तुमच्या छातीत कळ आली, तेव्हा छातीवर हात ठेवायच्या आधी तुम्ही फोन उघडलात, त्यातला एक भारदस्त आजार पसंत केलात, आणि मग कळ जराशी डावीकडे सरकवून घेतलीत.