घरातल्या घरात लेट

आमच्या शेजारच्या कस्तुरीची शाळा तिच्याच घरातल्या हॉलमध्ये भरायची, तरीही ती शाळेला उशिरा पोचायची. याचं सगळं श्रेय तिच्या आजोबांना, म्हणजे म्हात्रेकाकांना.

लॉकडाऊनचे दिवस होते. मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी मोबाईलवर शाळा चालली होती. इतर मुलं अंथरुणातूनच हात लांब करून वर्गात जायची. पाचवीतल्या कस्तुरीला मात्र युनिफॉर्म, दप्तर, मास्क असा सगळा जामानिमा करून दोन जिने उतरावे लागायचे, पाण्याच्या टाकीला वळसा घालावा लागायचा आणि परत दोन जिने चढून स्वतःच्याच घरी 'शाळेत' यावं लागायचं. दारात काका मनगटावरचं घड्याळ बघत उभे. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्यांचा जन्म गेला होता. उशिरा आलेल्या कामगाराचं कार्ड अडवण्याइतकं सुख त्यांना दुसऱ्या कशात मिळालं असेल असं वाटत नाही. कारखाना बंद पडला, काका चालूच राहिले.

"गेट बंद म्हंजे बंद!" असं म्हणून ते पोरीला पाच-दहा मिनिटं बाहेर जिन्यावर बसवायचे. आत मोबाईलमधून बाई विचारायच्या, "कस्तुरी कुठे आहे?" आणि काका वाकून मोबाईलच्या तोंडाशी ओरडायचे, "लेट हाय म्याडम! भायेर बसवलीय!" अख्खा वर्ग खिदळायचा.

मोबाईल ठेवायला गणपतीचा चौरंग. बाई त्यात आहेत म्हटल्यावर त्यांना जमिनीवर कसं ठेवणार? शेजारी काका स्वतः इस्त्रीचा शर्ट, पँट आणि पट्टा लावून हजर. भिंतीपलीकडे मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, कॅमेऱ्यात दिसेल इतका कुर्ता आणि खाली गाऊन घालून बसलेली, त्यामुळे त्यांच्या त्या पट्ट्याचा मला भारी राग यायचा. शिवाय काका शिकायचेही. बाईंनी प्रश्न विचारला की कस्तुरीच्या आधी यांचं उत्तर तयार, तेही चुकीचं. नेटवर्क गेलं की खिडकीतून टॉवरच्या दिशेला बघून सुनवायचे, "रेंज नाय ही सबब नाय!" एकदा बाईंना ठसका लागला, तर यांनी चौरंगापुढे पाण्याचा पेला आणून ठेवला.

कस्तुरीची आई वैशाली ही काकांची एकुलती एक मुलगी. मुंबईच्या एका हॉस्पिटलात नर्स. त्या दिवसांत ती तिकडेच राहत होती आणि दोन-तीन दिवसांनी मला फोन करायची. आवाज अगदी दमलेला. तिला जरा हसू यावं म्हणून मी काकांच्या गमती सांगायचे. आता गंमत म्हटली की थोडं तिखटमीठ लागतंच. पाच मिनिटांचा अर्धा तास मीच केला. "उन्हात उभी करतात गं पोरीला," हेही मीच. वैशाली हसायची. एक दिवस मात्र ती हसली नाही, "बरं ताई" म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका माझ्या दारात. पट्टा नाही, शर्ट चुरगळलेला.

"वहिनी, वैशू बोलते, पोरीला नाशिकला ननंदेकडं धाडते. बोलते, बाबा, तुमाला शाला जमत नाय. तिला कोनी काय सांगितलं, ठाव नाय. तुमचं ऐकते ती. एक फोन करा ना."

मी कानकोंडी झाले. तरी स्वतःची कातडी वाचवायला मी म्हटलं, "पण काका, एवढ्याशा पोरीला दाराबाहेर बसवायचं म्हणजे..."

त्यांनी मागे वळून आपल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "सकाली उठली का आयशीसाठी रडते. रोज. खाली फिरून आली का जरा निवते. कवा कवा डोले लालच रव्हतात, मंग मी लेट बोलतो नि भायेर बसवतो. म्याडमनी रडकं तोंड बघितलं तर वैशूला कलवतील. ती तिकडं पेशंट बघेल का ह्ये बघेल?" मग थांबून म्हणाले, "रडन्याचं तेवढं सांगू नका. पन ही गेली तर घरात मी कोनाशी बोलू, वहिनी?"

मी तिथेच, त्यांच्यासमोर फोन लावला. "वैशाली, मी तुला वाढवून सांगितलं गं. उन्हाबिन्हाचं सगळं खोटं होतं."

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर फरशीकडे वळवली. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पलीकडून वैशालीने विचारलं, "ताई, एकच खरं सांगा. कस्तुरी रडते का हो?"

"नाही गं. छान असते," मी म्हटलं.

"मग राहू दे तिला बाबांकडेच."

मी काकांना तसं सांगितलं. ते माझ्या चपलांच्या स्टँडवर मटकन बसले आणि रुमालात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागले. तेवढ्यात शेजारून कस्तुरीची हाक आली, "आजोबा!" पावलंही वाजली.

मी पटकन दार लोटून घेतलं आणि आतून ओरडले, "आजोबा माझ्याकडे चहा घेतायत गं, येतील पाच मिनिटांत!"